काढून टाकलेली तुलना

ट्यूनिस, ६ मार्च २०२३

आदरणीय लेल्ला नझीहा फुराती यांस,

अस्सलामु अलैकुम. आपला-माझा प्रत्यक्ष परिचय नाही. मी युसर गर्बी; गेल्या ऑक्टोबरपासून ट्यूनिसच्या चाचणी विभागात आहे. दोन्ही शाखांनी एकमेकींशी जे बोलायचे ते तारीख घालून, पूर्ण वाक्यांत, लिहूनच बोलायचे, हा आपले प्रमुख सी मेहरेझ यांचा नियम इतरांना जाचक वाटतो. मला तो सोयीचा आहे, कारण फोनवर माझा आवाज मलाही ऐकू येत नाही.

आपण कंपायलरमध्ये केलेला बदल माझ्याकडे आला आहे आणि चाचणी विभागाची सही झाल्याखेरीज तो नव्या आवृत्तीत जाऊ शकत नाही, म्हणून ही तसदी.

बदल मला असा समजला. वजाबाकी केली की प्रोसेसर स्वतःहून चार निशाणे वर-खाली करतो: उत्तर शून्य आले का, उणे आले का, हातचा उरला का, आणि उत्तर ठरलेल्या जागेत न मावता ओसंडले का. त्यामुळे वजाबाकीपाठोपाठ 'आता या उत्तराची शून्याशी तुलना कर' ही वेगळी आज्ञा लिहिणे पुष्कळदा अनावश्यक ठरते. ग्राहकाचा प्रोग्रॅम यंत्राच्या आज्ञांत उतरवताना आपला बदललेला कंपायलर ती आज्ञा काढून टाकतो, आणि यंत्रासाठी तयार होणारा प्रोग्रॅम आटोपशीर होतो. काम देखणे आहे, हे मनापासून लिहिते.

शंका एवढीच. शून्याशी केलेली तुलना ओसंडल्याचे निशाण नेहमी खाली पाडते. वजाबाकी ते वर करू शकते. आणि 'शून्यापेक्षा लहान असेल तर तिकडे वळ' ही आज्ञा उण्याचे आणि ओसंडल्याचे, अशी दोन्ही निशाणे एकत्र पाहते. मधली तुलना काढल्यावर, वजाबाकी ओसंडली, तर प्रोग्रॅम चुकीच्या दिशेने वळणार नाही का?

शिवाय एक साधा प्रश्न. बदलासोबतच्या चाचणीच्या फाइलमध्ये कंपायलरने नेमके काय लिहायला हवे, त्या अपेक्षित ओळी दिल्या आहेत. त्या ओळी कोणी लिहिल्या?

आपली नम्र,
युसर गर्बी


स्फाक्स, ८ मार्च

युसर पोरी,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा मला वाटलं कुणाच्या तरी लग्नाचं निमंत्रण आहे.

तुझी शंका पुस्तकात बरोबर आहे. पण चाचण्या सगळ्याच्या सगळ्या पास, हिरव्या आहेत. तुमच्या यंत्रावर हिरव्या, आमच्या यंत्रावर हिरव्या. हिरव्याहून जास्त हिरवं मला करता येत नाही.

आता सरळ सांगते, म्हणजे तू उगाच अडून बसणार नाहीस. गाबेसच्या पंपवाल्यांचा प्रोग्रॅम त्यांच्या चिपमध्ये मावत नाहीये. माझा बदल मे अखेरच्या आवृत्तीत गेला तर मावतो. नाही गेला तर ते दुसऱ्या कुणाचा तरी कंपायलर घेणार, आणि ते गेले की मेहरेझ स्फाक्सची ही खोली बंद करणार. चार टेबलं, चार माणसं. वर तो म्हणतो, "या की ट्यूनिसला, जागा भरपूर आहे." मी बावन्न वर्षांची आहे, पोरी. माझं घर इथे, नवऱ्याचं दुकान इथे, आणि तुम्ही ट्यूनिसमध्ये ज्याला ताजा मासा म्हणता तो मी मांजराच्या पुढ्यातसुद्धा टाकणार नाही.

सही कर आणि पुढचं काम घे.

नझीहा


ट्यूनिस, १० मार्च

आदरणीय लेल्ला नझीहा,

माझी भाषा निमंत्रणासारखी वाटली, याबद्दल क्षमस्व. शाळेत अशीच लिहायला शिकवली, आणि आता दुसरी येत नाही.

काल सी मेहरेझ माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. "युसर बेटा, सही कुठे अडलीय?" मी कागद पुढे केला. तो त्यांनी वाचला नाही. म्हणाले, "स्फाक्सच्या बाईंनी एक आज्ञा वाचवली आणि तू ती परत खर्च करायला निघालीस? अगं, स्फाक्सच्या माणसाने एकदा खिशात घातलेलं काही परत बाहेर आल्याचं कुणी पाहिलंय का?" सगळे हसले. जे बोलायला हवे होते ते येथे लिहिते.

पंपाच्या प्रोग्रॅममध्ये एक मोजणी आहे. पंप वीज घेऊ लागल्यापासूनचे सेकंदाचे हजारावे भाग ती मोजत राहते. मोजता मोजता, सुमारे साडेतीन आठवड्यांनी, ती जागेत मावेनाशी झाली की धनाच्या शेवटच्या टोकावरून ऋणाच्या पहिल्या टोकावर उडी घेते. ग्राहकाने हे धरूनच लिहिले आहे की 'आताची वेळ वजा थांबायची वेळ' हे उत्तर शून्यापेक्षा लहान आहे तोवर पंप चालू ठेवावा. उडीच्या वेळी ही वजाबाकी ओसंडते. गंमत अशी की उत्तर तरीही बरोबर येते. केवळ ते एक निशाण वर जाते. जुन्या कंपायलरमध्ये मधली तुलना त्याला खाली पाडत असे. आपण तुलना काढली. निशाण वरच राहिले, आणि पंपाला वाटते की थांबायची वेळ अजून यायची आहे.

मी मोजणी हाताने उडीच्या काठाशी नेऊन ठेवली आणि चालवून पाहिली. पंप थांबला नाही.

अपेक्षित ओळी कोणी लिहिल्या, हे आपल्या पत्रातून राहून गेले असावे.

आपली,
युसर


स्फाक्स, १३ मार्च

युसर,

काठाशी नेऊन ठेवली म्हणे. उद्या मला उचलून मिनाराच्या टोकावर ठेवशील आणि मेहरेझला लिहशील, 'लेल्ला नझीहा पडतात असे आढळले.'

खरा पंप त्या काठापर्यंत जातो का, हा प्रश्न आहे. वीज जाते, माणूस बटण दाबतो, मोजणी परत शून्यापासून सुरू. इतके आठवडे न थांबता कोण चालवतंय? मी तीस वर्षं कंपायलर लिहितेय, आणि तीस वर्षं कुणीतरी एक हुशार पोर दर वसंतात मला सांगायला येतं की एखादी गोष्ट अमुक वाजता, तमुक वाऱ्याला, डाव्या पायावर उभं राहिलं तर चुकते.

तुझ्याकडे पंपाच्या चिपचा बोर्ड आहे ना? लाव. हात न लावता चालू दे. आपणहून चुकला तर मला लिही. तोवर मला काम करू दे, इथे शेजारच्या टेबलावरच्या वजदीने कालपासून कंपायलरची सगळी बांधणी मोडून ठेवली आहे आणि वर मलाच विचारतोय की कॉफी घेणार का.

नझीहा


ट्यूनिस, १५ मार्च

आदरणीय लेल्ला नझीहा,

आपल्या इच्छेप्रमाणे बोर्ड खिडकीजवळच्या कपाटावर ठेवला आहे. पंपाऐवजी लहानसा लाल दिवा जोडला आहे. तो काही मिनिटे पेटतो आणि तितकीच मिनिटे विझतो. उडीला साडेतीन आठवडे लागतील. मी त्याला हात लावणार नाही. सहीही करणार नाही.

गाबेसवाल्यांचे पंप केबिलीच्या खजुरांच्या बागांना पाणी देतात; उन्हाळ्यात ते कोण बंद करतो, हे कृपया कळवावे.

आणि तिसऱ्यांदा विचारते. आपण हिरव्या चाचण्या, मासा, मिनार आणि वजदीची कॉफी, या सर्वांविषयी सविस्तर लिहिले आहे. अपेक्षित ओळी कोणी लिहिल्या, एवढेच लिहिलेले नाही.

युसर


ट्यूनिस, २९ मार्च

आदरणीय लेल्ला नझीहा,

दुःखाने कळवते की प्रयोग पुन्हा आरंभापासून सुरू करावा लागला आहे.

काल सकाळी आले तर दिवा विझलेला, आणि कितीही थांबले तरी पेटेना. कपाटामागे पाहिले तर वायर गुंडाळून, तिला व्यवस्थित गाठ मारून ठेवलेली. आमच्याकडे झाडलोट आणि चहापाणी ख्मैसकाका पाहतात. मी विचारले, "काका, ही वायर कुणी काढली?"

"मीच काढली, बेटा. रमजानात ऑफिस दुपारीच रिकामं होतं. रिकाम्या खोलीत दिवा कशाला जाळायचा?"

"पण काका, तो जळायलाच ठेवला होता."

"जळत कुठे होता नीट? मधेच विझायचा. बिघडलेलाच होता. मी म्हटलं, बिघडलेलं तर बिघडलेलं, निदान वीज तरी खाऊ नये."

मी त्यांना निशाणे, ओसंडणे आणि उडी समजावून सांगण्याचा प्रयत्न केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "एवढं सगळं एका दिव्यासाठी?"

नंतर चौकशी केली तेव्हा कळले की ते मूळचे स्फाक्सचे आहेत.

बोर्ड कालच पुन्हा लावला आहे. या वेळी वायरवर कागद चिकटवला आहे.

युसर


स्फाक्स, ३१ मार्च

युसर पोरी,

ख्मैसना माझा सलाम सांग. कुठल्या गल्लीतले ते विचार. अशी माणसं आता इथेसुद्धा राहिली नाहीत.

हसून झालं. आता कटकट ऐक. काल गाबेसहून पंपवाले सी लस्साद आले होते. उपास, उन्हातून प्रवास, त्यामुळे मूड आधीच करपलेला. मी त्यांना पडद्यावर दाखवत होते, बघा, इथून तुलना गेली, इथून गेली. ते म्हणाले, "बाई, मला तुमची निशाणं कळत नाहीत. प्रोग्रॅम मावतो की नाही?"

"मावतो."

"म्हणजे जूनमध्ये पंप केबिलीला पाठवू?"

"आवृत्ती बाहेर पडली की पाठवा."

"बाहेर पडेल ना? मागच्या वेळीही तुम्ही पडेल म्हणाला होतात."

"ट्यूनिसमध्ये एका मुलीची सही राहिलीय."

"मुलीची सही?" असं म्हणून त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की जणू मीच त्या मुलीला कडेवर घेऊन फिरवतेय.

तुझा तो खजुरांचा प्रश्न मी त्यांना विचारला, पंप उन्हाळ्यात कधी बंद करतात ते. ते हसले. खूप हसले. का हसले ते लिहीत नाही.

बाकी विशेष काही नाही. ईदला तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर शरमूला, आमचा कांदा-मनुकांचा ईदचा रस्सा, आणि खारा मासा पाठवेन. निदान एकदा तरी तोंडाला चव येऊ दे.

नझीहा


ट्यूनिस, २५ एप्रिल

आदरणीय लेल्ला नझीहा,

ईद मुबारक. शरमूला पोहोचला. आईने अर्धा शेजाऱ्यांना वाटला आणि मग पस्तावली.

सुट्टी संपवून आज ऑफिसात आले. दिवा पेटलेला होता. मी खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसले. विझायची वेळ आली, गेली. पुन्हा आली, पुन्हा गेली. दुपारपर्यंत बसले. ख्मैसकाका येऊन शेजारी उभे राहिले आणि म्हणाले, "आता मात्र अगदी नीट जळतोय." मला रडू आले, ते त्यांनी पाहिले, आणि आपल्या बोलण्यात काय चुकले हे त्यांना अजून समजलेले नाही.

मी हात लावलेला नाही. मोजणी आपणहून काठापर्यंत गेली, उडी घेतली, आणि आता माझ्या हिशेबाने हा दिवा पुढचे कित्येक आठवडे विझणार नाही. दिव्याच्या जागी केबिलीची विहीर ठेवून पाहावी. कोरड्या विहिरीत पंप जळून जातो, हे सी लस्साद यांना मी सांगायला नको.

सी मेहरेझ येऊन गेले. मी त्यांना दिवा दाखवला. ते म्हणाले, "चाचण्या हिरव्या आहेत ना?" मी म्हणाले, "हो." ते म्हणाले, "मग दिवा लाल असू दे. शुक्रवारपर्यंत सही झाली नाही तर मी दुसऱ्या कुणाकडून करून घेईन, आणि तू उद्यापासून भाषांतराच्या कामाला बस." मी "बरे" म्हणाले. माझ्या तोंडून नेहमी "बरे" एवढेच निघते. सही मात्र केली नाही.

अपेक्षित ओळी कोणी लिहिल्या, हे आता विचारत नाही, कारण मला कळले आहे. कोणीच लिहिल्या नाहीत. कंपायलरने जे लिहिले तेच चाचणीच्या फाइलमध्ये आपोआप उतरवून घेणारे जे साधन आपल्याकडे आहे, ते चालवले गेले. नव्या कंपायलरची चूकच अपेक्षा म्हणून नोंदली गेली, आणि त्यानंतर प्रत्येक चाचणीने पाहिले ते एवढेच, की कंपायलर तीच चूक पुन्हा करतो की नाही. तो ती न चुकता करतो; म्हणून सारे हिरवे. लेल्ला, विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिकेवरून उत्तरसूची तयार केली, तर त्याला पैकीच्या पैकी गुण मिळणारच. मी शाळेत नेहमी पहिली आले. पण इतक्या सोप्या परीक्षेला मी कधी बसले नाही.

दुरुस्ती फार नाही. 'शून्यापेक्षा लहान' या आज्ञेऐवजी केवळ उण्याचे निशाण पाहणारी आज्ञा वापरली, तर तुलना काढूनही उत्तर बरोबर येते. 'शून्यापेक्षा मोठे' या प्रकाराला मात्र तशी पर्यायी आज्ञा नाही. तेथे तुलना परत आणावी लागेल.

त्यामुळे प्रोग्रॅम किती वाढेल, आणि आपल्या खोलीचे काय होईल, याचा विचार मी केला आहे. तो करूनच हे लिहिते.

युसर


स्फाक्स, २७ एप्रिल

पत्र पोचलं. उत्तर देण्याच्या मनःस्थितीत नाही. मेहरेझला मी लिहिलं आहे की बदल मी स्वतः परत घेतेय, त्यामुळे सहीचा प्रश्न नाही आणि तुला भाषांतराला बसवायचं कारण नाही.

दिवा विझवू नकोस.

नझीहा


स्फाक्स, १६ मे

युसर,

साधन मी चालवलं होतं. वजदीने नाही, मी. सव्वीस फाइली होत्या, सगळ्यांतल्या ओळी बदलल्या होत्या, आणि संध्याकाळी घरी पाहुणे यायचे होते. एक आज्ञा दिली, सगळं हिरवं झालं, मी घरी गेले. तू तीनदा विचारलंस आणि तीनदा मला राग आला तो तुझाच. माणूस कसा असतो बघ.

त्या सगळ्या फाइली मी आता हाताने लिहिल्या. प्रत्येक प्रकाराखाली कंपायलरने काय लिहायला हवं ते आधी कागदावर, माझ्या डोक्यातून, आणि मग कंपायलर चालवला. पहिल्या दिवशी अर्ध्याहून जास्त लाल. वजदी म्हणाला, "लेल्ला, सगळं मोडलं." मी म्हटलं, "मोडलेलं होतंच. आज दिसलं." मग एकेक करत दुरुस्त केलं. 'लहान'च्या जागी उण्याचं निशाण, तू म्हणालीस तसं. जिथे तुलना ठेवावी लागली तिथे ठेवली, आणि का ठेवली ते प्रत्येकीच्या वर एका ओळीत लिहिलं. माझ्यासारख्या बाईला एकेक तुलना परत ठेवताना काय होतं ते तुमच्या मेहरेझला कळायचं नाही. दाढ उपटून परत बसवण्यासारखं आहे.

आता बरोबर चालतं. इथे मोजणी काठाशी नेऊन ठेवली, हो, तुझ्यासारखीच हाताने, आणि पंप थांबला.

आणि मावत नाही. अगदी थोडक्यात मावत नाही. दोन-चार आज्ञांची जागा कमी पडते. तीन दिवस उलटसुलट करून बघितलं. सी लस्सादना खोटं सांगणार नाही, त्यांना उद्या-परवा फोन करेन. खोली बंद तर बंद. वजदीला मी म्हटलं, ट्यूनिसमध्ये चांगली कॉफी मिळते. तो म्हणाला, "तुम्ही येणार?" मी म्हटलं, "मी काय येतेय."

फाइली सोबत आहेत. तुझी सही लागत नाही, आवृत्तीत जाणारच नाहीयेत. पण वाचून बघ. तू सोडून त्या कुणी वाचणार नाही.

नझीहा


ट्यूनिस, १८ मे

आदरणीय लेल्ला नझीहा,

फाइली दोन दिवस वाचल्या. हाताने लिहिलेल्या चाचणीत माणूस कुठे घाबरला आहे हेही वाचता येते, हे मला पूर्वी ठाऊक नव्हते.

जिथे जिथे आपण तुलना परत ठेवली आहे, तिथे वर कारणाची ओळ आहे: 'मोठे आहे का पाहायचे, ओसंडू शकते, म्हणून.' एकोणिसाव्या फाइलमध्ये मात्र एक तुलना अशी आहे जिच्यावर आपण लिहिले आहे: 'राहू दे.' एवढेच. कारण नाही.

त्या ठिकाणी पुढची आज्ञा 'समान असेल तर तिकडे वळ' ही आहे. ती केवळ शून्याचे निशाण पाहते. वजाबाकी ओसंडली तरी शून्याचे निशाण कधीही खोटे बोलत नाही. तेथे तुलना काढणे पहिल्या दिवसापासून योग्यच होते. माझ्या पत्रांनी आपणास इतके धास्तावले की सुरक्षित असलेलीही आपण परत आणली. तो दोष माझा नाही. पण कारण मी आहे.

हा प्रकार पंपाच्या प्रोग्रॅममध्ये एकाच ठिकाणी नसावा. जिथे जिथे टाकी भरली का, वेळ गाठली का, असे विचारले आहे, तिथे तिथे तो येईल. कृपया 'राहू दे' ही ओळ तिच्याखालच्या तुलनेसकट खोडून, पुन्हा बांधून पाहावे, आणि त्याआधी सी लस्साद यांना फोन करू नये.

सहीचा कागद मी सी मेहरेझ यांच्याकडून परत मागून आणला आहे. मागताना मोठ्याने बोलावे लागले. ख्मैसकाकांनी बाहेरून डोकावून पाहिले की कोण ओरडते आहे.

युसर


स्फाक्स, १९ मे

मावतो.

सहा आज्ञांची जागा वर उरली. सही करून पाठव, आणि तो दिवा आता विझव, किती वीज जाळशील.

आम्हाला कंजूष म्हणतात, पण माझ्या खिशातून काढून मीच परत ठेवलेली तुलना तू शोधून पुन्हा खिशात घातलीस. ख्मैसना विचार, ट्यूनिसमध्ये स्फाक्सचे अजून कोण कोण आहेत ते. तुझ्या आईकडचं कुणीतरी असणार.

मासा पाठवतेय. या वेळी शेजाऱ्यांना वाटू नका.

नझीहा